लेकराचं पहिलं बँक खातं: कुठं काढावं, कुणाच्या सहीनं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही औसा तालुक्यातले. लेक सातवीत आहे, बारा वर्षं पूर्ण झालीत. राखीपौर्णिमा, महालक्ष्म्या, आजोळी गेल्यावर मामा-मावशीनं हातावर ठेवलेले असे तिचे पैसे बऱ्याच दिवसांपासून माझ्याकडं साठलेत. कुणी किती दिले ते ती स्वतः वहीत लिहून ठेवते. परवा विचारायली, "मम्मी, पैसे माझे आहेत तर तुझ्या कपाटात कामून?" मला तिचं म्हणणं पटलं. शिवाय पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची आहे, त्यालाही खातं लागणारच.

पण बँकेत गेले तर एका शाखेत म्हणाले, वडिलांना घेऊन या, वडिलांच्या सहीशिवाय होत नाही. तिचे पप्पा पुण्याला कंपनीत आहेत, दिवाळीलाच येतील. दुसऱ्या शाखेत म्हणाले, अठरा पूर्ण झाल्यावर या. पोस्टातल्या मॅडम म्हणाल्या, लगेच काढून देते. आता नेमकं खरं काय? माझ्या सहीवर खातं निघतं का? तिला स्वतःला सही करता येईल का? आणि पुढं शिष्यवृत्ती अडकू नये म्हणून आत्ताच कोणती काळजी घ्यावी? जाणकारांनी सांगा.

जुना_कॅशियर

ताई, दोन्ही शाखांत तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. माझा जन्म काउंटरच्या मागं गेला. आधी स्टेट बँक ऑफ हैदराबाद, १ एप्रिल २०१७ ला विलीनीकरण झाल्यावर शेवटची वर्षं स्टेट बँकेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईच्या सहीवर खातं निघतं. रिझर्व्ह बँकेनं हे बँकांना १९७६ च्या डिसेंबरातच कळवलेलं आहे. २१ एप्रिल २०२५ ला जे नवं परिपत्रक आलं त्यातही पुन्हा त्याचा उल्लेख आहे. त्या परिपत्रकानुसार कोणत्याही वयाच्या लेकराचं बचत खातं किंवा मुदत ठेव नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडता येते. आणि बँकेच्या धोरणात बसत असेल तर दहा वर्षं पूर्ण झालेलं लेकरू स्वतःच्या सहीनं खातं उघडू शकतं, स्वतः चालवू शकतं. बँकांना आपापली धोरणं १ जुलै २०२५ पर्यंत याप्रमाणं करायची मुदत होती. यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: स्वतंत्र खात्यात किती रक्कम ठेवू द्यायची, एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं का, हे बँकेनं ठरवायचं आहे. त्यामुळं दोन बँकांचे नियम वेगळे निघतील, त्यात गैर काही नाही. पण "अठरानंतर या" हे उत्तर कुठल्याच नियमात बसत नाही.

स्टेट बँकेत यासाठी दोन नावांची खाती आहेत. 'पहला कदम' हे कोणत्याही वयासाठी, पालकासोबत जोडीनं. 'पहली उडान' हे दहा वर्षांवरच्या आणि सारखी सही करता येणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या एकट्याच्या नावानं. तुमची लेक दुसऱ्यात बसते.

सहीचं आत्तापासून बघा. बारा वर्षांच्या लेकरांची सही दर वेळी वेगळी येते आणि मग पैसे काढायच्या दिवशी काउंटरवरून परत यावं लागतं. वहीच्या मागच्या पानावर रोज दोन-चार वेळा करू द्या. मराठीत केली तरी चालते. वळणदार नको, जी हात न थांबता निघते ती.

कागद: तिचं आधार, जन्माचा दाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, फोटो. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून घेतात. तुम्ही पालक म्हणून सही करणार असाल तर तुमचं आधार-पॅनही.

ज्वारीचं_कणीस

कॅशियर काका माहिती चांगली देतात, पण मला मुळातच हे पटत नाही. सेलूत आमच्या आळीतल्या एका पोराच्या हाती वडिलांचा मोबाईल होता, गेममध्ये पैसे गेले तेव्हा घरात कळलं. आता त्यांच्या नावानं खातं, त्यावर कार्ड, म्हणजे आपणच आग लावून द्यायची. बारा वर्षांच्या लेकराला पैशाचं काय कळतं? पैसे बापाच्या खात्यात राहू द्या, लागेल तेव्हा आपण देतोच की. आम्ही असंच वाढलो.

बालाघाट

भाऊ, तुमची भीती खोटी नाही. पण तुम्ही सांगताय त्या प्रसंगात पैसे बापाच्या खात्यातून गेले. पोराचं स्वतःचं खातं असतं तर त्यात होते तेवढेच गेले असते. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या खात्यावर उधारी, ओव्हरड्राफ्ट देता येत नाही, शिल्लक असेल तेवढंच खर्चता येतं. आणि कार्ड घेतलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. फक्त पासबुकावरही खातं चालतं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. खात्याचा विषय आमच्याकडं हौसेचा राहिलेला नाही. २०१७ साली गणवेशाचे पैसे थेट खात्यावर द्यायचं ठरलं तेव्हा दोन गणवेशांचे ४०० रुपये मिळवायला आई आणि लेकराचं जोडखातं काढा म्हणून सांगितलं. खातं उघडायलाच कित्येक बँका ५०० रुपये मागायच्या. आया शाळेत येऊन रडवेल्या व्हायच्या. तेव्हापासून मी एकच बघत आलोय: ज्यांचं खातं आधीपासून नीट होतं त्यांचे पैसे आले, बाकीचे कागद घेऊन फिरत राहिले.

ताई, तुम्ही एनएमएमएसचं म्हणालात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मराठा-कुणबी मुलांसाठी निवड हुकली पण परीक्षा पास झाली तर राज्य सरकारच्या 'सारथी' संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. दोन्ही लेकराच्या स्वतःच्या खात्यावर. बापाच्या खात्यावर नाही. हे मी दर वर्षी पालकसभेत सांगतो आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्चात धावपळ होतेच.

आता आमच्याकडचं वेगळं दुखणं. माझ्या वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोडीवाल्यांची. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या भरतात, आई-बाप कारखान्यावर, लेकरू आजीपाशी. मग जानेवारीत फॉर्म आला की आजी नातवाला घेऊन बँकेत जाते. आजी कायद्यानं नैसर्गिक पालक धरली जात नाही, तिला कोर्टाचा कागद मागतात. तो ती कुठून आणणार? म्हणून आम्ही आता भाद्रपदातच, माय-बाप गावात असताना, खात्यांचं काम उरकून घेतो. दहा वर्षांवरच्या लेकराला स्वतःच्या सहीचं खातं काढता येतं, हे आमच्यासाठी फार मोठं आहे. आई-बाप सांगलीला असोत की कर्नाटकात, लेकराचं काम थांबत नाही.

दुधना

बालाघाट सर, तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी जालना जिल्ह्यातली. मालक गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याच्या नावानं खातं काढायला गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, मुलाचे आजोबा-चुलते कोण आहेत, त्यांना आणा. मी सख्खी माय समोर उभी होते. मृत्यूचा दाखला हातात होता. तरी चुलत्याची सही पाहिजे म्हणाले. दिराला विनवून नेलं, त्यांनी सही केली, पण खात्याचं पासबुक पुढं दोन वर्षं त्यांच्याकडंच राहिलं. बाकी काय झालं ते इथं लिहीत नाही.

कोणत्याही बाईला असं कुणी म्हणालं तर तिनं काय म्हणावं, हे कॅशियर काकांनी स्पष्ट लिहा. माझ्यासाठी नाही. माझा मुलगा आता मोठा झाला. पण आमच्या गावात अशा आणखी आहेत.

जुना_कॅशियर

ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत वादाचा प्रश्नच नव्हता. वडील नसतील तर आई हीच नैसर्गिक पालक, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात १९५६ पासून आहे. चुलता, आजोबा, मामा कुणीही कोर्टानं नेमल्याशिवाय पालक होत नाही. चुलत्याची सही मागणं बेकायदा होतं.

आणि वडील हयात असतानाही आईला अडवता येत नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल आहे, गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक. प्रकरण सुरूच बँकेच्या खिडकीवर झालं होतं. आईनं मुलाच्या नावानं रोख्यांसाठी पालक म्हणून अर्ज केला, नवऱ्याचीही त्याला संमती होती, तरी वडिलांची सही आणा म्हणून अर्ज परत आला. कोर्टानं सांगितलं की वडील प्रत्यक्षात मुलाचं बघत नसतील, दूर असतील, किंवा दोघांच्या संमतीनं आई बघत असेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. पुण्याच्या कंपनीत असलेल्या बापाचा प्रश्न यात सुटतो.

काय म्हणावं? "साहेब, तुम्ही नाही म्हणताय ते मला लेखी द्या." एवढंच, शांतपणे. अर्जावर नकाराचं कारण लिहून सही-शिक्का द्या म्हणायचं. बहुतेक ठिकाणी तिथंच काम होतं. नाही झालं तर त्याच शाखेत लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ हा त्यांचा नंबर, चौकशीसाठी.

तुमच्या गावातल्या बायांना हे सांगा. बँकेत जाताना दोघी-तिघी मिळून जा म्हणावं. काउंटरवरचा माणूस एकटी बाई बघून जे बोलतो ते तिघींसमोर बोलत नाही, हे मी आतून बघितलेलं आहे.

मिनीबँकवाला

मी कळंब तालुक्यात ग्राहक सेवा केंद्र चालवतो. इथं एक गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि निम्मी शिष्यवृत्ती तिथंच अडकते. ती म्हणजे आधार सीडिंग.

लोक म्हणतात, "दादा, आधार लिंक आहे की, बँकेत झेरॉक्स दिली होती." झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी झाली, सीडिंग नाही. सरकारी पैसे बहुतेक वेळा खाते नंबरवर पाठवले जात नाहीत, आधार नंबरवर पाठवले जातात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची यादी एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण बघणाऱ्या संस्थेकडं असते. त्या यादीत तुमच्या बँकेचं नाव बसवणं म्हणजे सीडिंग. त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. एका आधारला एका वेळी एकच बँक. शेवटी जिथं सीडिंग केलं तिथं पैसे जातात.

यातून काय होतं बघा. लेकरू पाचवीत असताना कुणीतरी गावात कॅम्प लावून त्याचं खातं काढलं, सीडिंग तिकडं झालं. आठवीत आईनं दुसऱ्या बँकेत चांगलं खातं काढलं, फॉर्मवर त्याचा नंबर टाकला. पैसे जातात पहिल्या खात्यात, ज्याचं पासबुक कुठंय ते कुणाला माहीत नाही. आणि सगळे म्हणतात शिष्यवृत्ती आली नाही. माझ्याकडं असे पालक सतत येतात.

बघायचं कसं? 'मायआधार' (myAadhaar) या आधारच्याच संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असतं. आधारला जो मोबाईल जोडलाय त्यावर ओटीपी येतो. तिथं बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही ते दिसतं. म्हणून लेकराच्या आधारला तुमचा, म्हणजे जो नंबर पुढची दहा वर्षं बदलणार नाही तो, मोबाईल जोडून घ्या. पुण्याला गेलेल्या बापाचा नंबर जोडला की ओटीपीसाठी फोनाफोनी करत बसावं लागतं.

अन माझ्यासारख्या केंद्रावर अंगठा लावून पैसे काढले तर छापील पावती घेतल्याशिवाय उठू नका. "मशीन चाललं नाही, पुन्हा अंगठा लावा" म्हटलं तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. मी धंद्यातला असून सांगतोय.

मांजराकाठ

मिनीबँकवाला दादा, तुमचं वाचून लगेच बघितलं. लेकीचं सीडिंग कुठंच नाही, म्हणजे पाटी कोरी आहे. पण दुसरंच सापडलं. आधारवर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आहे. शाळेत आडनाव आधी. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये शाळेत 'डबल ई', आधारवर 'आय'. हे चालतं का?

बालाघाट

नावांची मागं-पुढं चालून जाते. स्पेलिंगचा फरक मात्र आजच मिटवा ताई. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव या तिन्हींत एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी पडताळणीत परत येतं. कोणतं बदलायचं? जन्माच्या दाखल्याशी जे जुळतं ते ठेवा, दुसरं त्याप्रमाणं करा. शाळेत बदल करायचा तर दहावीच्या आधी सोपं असतं, बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलं की फार लांबचं काम होऊन बसतं. आधारवर बदलायचं तर केंद्रावर होतं. खातं त्यानंतर काढा, घाई करू नका.

ज्यांच्या घरात पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड आहे आणि लेक १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली आहे, त्यांनी राज्य सरकारच्या 'लेक लाडकी' योजनेचंही बघा. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००. त्याला माय-लेकीचं जोडखातं लागतं. अंगणवाडी ताईंना विचारा.

तेरणा

मी धाराशिवची, सध्या छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.ला आहे. हा धागा आई-बाबांसाठी आहे, पण मी त्या लेकरांच्या बाजूनं लिहिते.

माझं खातं मी तिसरीत असताना वडिलांच्या सहीनं काढलेलं होतं. नववीपासून त्यात शिष्यवृत्ती यायची. बारावीच्या डिसेंबरात मला अठरा पूर्ण झाली आणि त्यानंतर पैसे काढायला गेलो तर खातं थांबवलेलं. वडिलांची सही आता चालत नाही, माझी सही बँकेकडं नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर, लातूरला क्लासची फी भरायची होती. शाखेतून आधी कुणी कळवलं नव्हतं, आणि आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. शेवटी नवी सही, नवा फोटो, आधार-पॅन पुन्हा देऊन खातं सुरू झालं, पण तोवर बाबांनी उसने घेतले होते.

म्हणून ज्यांची मुलं सतरा वर्षांची आहेत त्यांनी आजच शाखेत विचारून ठेवा. अठराचा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात जा. लहानपणी पॅन काढलेलं असेल तर त्यावर फोटो-सही नसते, तेही नवं करून घ्यावं लागतं.

ज्वारीचं कणीस काका, तुम्ही विचारलंत बारा वर्षांच्या लेकराला काय कळतं. मी अठरा वर्षांची होऊन बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा मला भरणा पावती कोणती आणि पैसे काढायची कोणती, ते कळत नव्हतं. मागं रांग होती. अक्षरी रक्कम लिहिताना हात थरथरत होता. मार्क मला चांगले होते. माझ्या वर्गातल्या वाण्याच्या मुलीला हे सगळं पाचवीपासून येत होतं, तिचे आजोबा तिला सोबत न्यायचे. माझं काही बुद्धीत कमी नव्हतं, मला कुणी नेलंच नव्हतं. मुलींना तर कुणी नेतच नाही. भावाला मोटारसायकलवर मागं बसवून नेतात.

ज्वारीचं_कणीस

तेरणा बाई, तुझं म्हणणं मनाला लागलं. माझ्या दोन्ही लेकरांत धाकटी मुलगी आहे आणि तिला मी कधी बँकेत नेलेलं नाही हे खरं आहे. कार्ड-बिर्ड मला अजूनही पटत नाही, पण पासबुकावरचं खातं काढायला माझी हरकत नाही.

एक विचारतो. आमच्याकडं एक मल्टीस्टेट पतसंस्था आहे, त्यांचा एजंट घरी येऊन रोजचे पैसे नेतो, व्याज बँकेपेक्षा किती तरी जास्त देतो, लेकरांच्या नावानंही खातं काढतो. बँकेत अडीच टक्क्यांवर कशाला ठेवायचं?

जुना_कॅशियर

नाही. लेकराचे पैसे तिथं नको. मी एवढं ठाम क्वचित बोलतो.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत मिळतात, ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. त्याआधी एक लाख होती. सरकारी बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँक यांना हे संरक्षण आहे. पतसंस्थेला नाही, मल्टीस्टेट पतसंस्थेला नाही, पाटीवर किती का मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेना. पोस्टाच्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जास्त व्याजाच्या मागं जाऊन काय झालं ते बीड-परभणीच्या माणसाला मी वेगळं सांगायची गरज नाही. लग्नाचे, दवाखान्याचे पैसे गेले लोकांचे. लेकराच्या पहिल्याच पैशाला तसं झालं तर ते पुन्हा जन्मात बँकेवर विश्वास ठेवणार नाही.

व्याज थोडं जास्त हवं तर पोस्ट बघा. बचत खात्यावर सध्या ४ टक्के आहे, ५०० रुपयांत उघडतं, दहा वर्षांवरचं लेकरू स्वतःच्या नावानं काढू शकतं. महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेवही लावता येते. लेक दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी आहेच, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत. मात्र ते तिच्या पुढच्या शिक्षणासाठीचं, त्यात रोजचं घालणं-काढणं नसतं. त्यातून ती बँक व्यवहार शिकणार नाही. म्हणून सुकन्या असली तरी एक साधं बचत खातं वेगळं असावं असं माझं मत.

शून्य शिलकीचं हवं असेल तर 'मूलभूत बचत ठेव खातं' मागा, कोणतीही बँक नाही म्हणू शकत नाही. महिन्यात चार वेळा पैसे काढणं त्यात मोफत आहे, लेकराला तेवढं पुष्कळ झालं.

अजून एक. खातं काढलं आणि दोन वर्षं हात लावला नाही तर ते निष्क्रिय होतं. पुन्हा सुरू करायला बँकेला पैसे घेता येत नाहीत, पण केवायसी परत द्यावी लागते. सहा महिन्यांत एकदा तरी लेकराच्या हातानं शंभर रुपये भरा.

आणि फॉर्मवर आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड लिहिताना घरातल्या जुन्या पासबुकावरून उतरवू नका. हैदराबाद बँकेचे कोड गेले. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचंही १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँकेशी एकत्रीकरण झालंय. नव्या छापलेल्या पासबुकावरचाच कोड घ्या.

दुधना

काका, लेखी मागायचं तुमचं वाक्य मी कागदावर लिहून बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. दोघीजणी पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, मी सोबत जाते आहे.

मांजराकाठ

मंडळी, खातं निघालं. आधी आधारचं स्पेलिंग दुरुस्त केलं, ते येईपर्यंत थांबलो. मग ज्या शाखेत वडिलांना आणा म्हणाले होते तिथंच गेले. लेकीनं स्वतः साहेबांना विचारलं, "सर, मला दहा पूर्ण झालीत, माझ्या सहीचं खातं मिळतं ना?" त्यांनी तिच्याकडं बघितलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आले आणि फॉर्म दिला. लेखी मागायची वेळच आली नाही. फॉर्म तिनंच भरला. वारसदाराच्या रकान्यापाशी थांबली, मला विचारलं हे काय असतं. मी सांगितलं. ही गोष्ट तिला कधीतरी सांगायलाच हवी होती, बँकेत सांगितली गेली.

तिच्या वहीतली बेरीज आणि भरणा पावतीवरची रक्कम जुळली. सीडिंगचा फॉर्मही त्याच दिवशी दिला, पोच घेतली. कार्ड घेतलं नाही. दहावीनंतर बघू असं तिचं-माझं ठरलंय. पासबुक तिच्या दप्तरात नाही, पण तिच्या कपाटात आहे, माझ्या नाही.

एक सांगायचं राहिलं. तिच्या पप्पांना फोनवर सांगितलं तर आधी म्हणाले, मी आल्यावर करायचं होतं की. मग म्हणाले, तिचा खाते नंबर पाठव, दिवाळीचे तिला तिथंच टाकतो.

बालाघाट

फार छान ताई. तुमच्या परवानगीनं, नाव-गाव न घेता, हे मी पुढच्या पालकसभेत सांगणार आहे.

ज्वारीचं_कणीस

अभिनंदन ताई. मी धाकटीला घेऊन शनिवारी जायचं म्हणतोय. ती अकरा वर्षांची आहे. तिचं आधार ती दोन वर्षांची असताना काढलेलं, नंतर हात लावला नाही. फोटोही तान्हेपणीचा आहे. तेवढ्यावर होईल का?

मिनीबँकवाला

भाऊ, बँकेत जायच्या आधी आधार केंद्रावर जा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे आणि डोळे नसतात, नुसता फोटो असतो. पाच वर्षांनंतर ते एकदा घ्यावेच लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. ते झालेले नसतील तर बँकेच्या मशीनवर तिचा अंगठा जुळणारच नाही आणि शनिवार वाया जाईल. शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते. जाताना तिचा जन्माचा दाखला, तुमचं आधार आणि जो मोबाईल जोडायचा तो सोबत ठेवा. अपडेट होऊन आलं की नवी प्रत काढून मगच बँकेत जा.

ज्वारीचं_कणीस

बरं झालं विचारलं. तिच्या मायचा नंबर जोडतो, तो कधी बदलत नाही.